संपत्ती एकदाच सारखी वाटून विषमता का जात नाही, आणि फेरवाटप टिकवायचे तर कशाकडे बघायचे

प्रश्न असा आहे: समाजातली सगळी संपत्ती एकत्र करून प्रत्येकाला सारखा वाटा दिला, तर आर्थिक विषमता कायमची मिटेल का? मिटणार नसेल, तर कुणाकडून किती घ्यायचे आणि कुणाला कसे द्यायचे?

एकदाच केलेल्या वाटपाने ती मिटत नाही. याचा सर्वांत मोठा दाखला रशियातला आहे. ऑक्टोबर १९९२ पासून तिथल्या सरकारने सरकारी कारखान्यांच्या मालकीत वाटा मिळावा म्हणून प्रत्येक नागरिकाला, लहान मुलांसकट, १०,००० रूबल दर्शनी किमतीचे एक व्हाउचर दिले. सुरुवात यापेक्षा समान असू शकत नाही. पण त्याच वर्षी महागाईने लोकांच्या बचती खाऊन टाकल्या होत्या. ज्याला या महिन्याचा खर्च भागवायचा आहे, तो पुढच्या काही वर्षांच्या लाभांशाची वाट बघत बसत नाही. अनेकांनी व्हाउचर मिळेल त्या भावाने विकले, अनेकांनी ते पुढे बुडालेल्या गुंतवणूक निधींत टाकले. ज्यांच्याकडे रोकड होती, माहिती होती आणि व्यवस्थापनात ओळख होती, त्यांनी ते गोळा केले. १९९४ च्या मध्याला व्हाउचरांची मुदत संपली, तेव्हा मालकी थोड्या हातांकडे सरकू लागली होती. १९९५ मधल्या ‘कर्जाच्या बदल्यात समभाग’ योजनेने (बँकांनी सरकारला कर्ज द्यायचे आणि तारण म्हणून सरकारी कंपन्यांचे समभाग घ्यायचे) तेल आणि धातूंचे मोठे उद्योगही त्याच वाटेने गेले.

याचा दोष लोकांच्या अडाणीपणावर टाकू नये. संपत्ती गुणाकाराने वाढते, आणि गुणाकारात लहान फरक फार मोठे होतात. दोघांना प्रत्येकी १०० मिळाले. एकाला अडीअडचणीला पैसे लागतात म्हणून त्याने ते बँकेत ठेवले, महागाई वजा जाता २ टक्के मिळाले. दुसऱ्याला थांबणे परवडते, म्हणून त्याने धंद्यात घातले, ६ टक्के मिळाले. ३० वर्षांनी पहिल्याकडे १८१ आहेत, दुसऱ्याकडे ५७४. दोघेही सारखेच कष्टाळू, सारखेच काटकसरी. त्यात आजारपण, एखादे बुडालेले पीक किंवा बंद पडलेला कारखाना आला की पहिल्याचे १८१ सुद्धा राहत नाहीत.

आणखी एक अडचण आधीच सांगून टाकतो. अतिश्रीमंतांची संपत्ती तिजोरीतल्या नोटांच्या रूपात नसते. ती बहुतांशी स्वतःच्याच कंपन्यांचे समभाग आणि जमीनजुमला असते. सगळ्यांचे समभाग एकाच वेळी विकायला काढले तर विकत घेणार कोण? भाव कोसळेल आणि कागदावरची रक्कम हाती येणार नाही. म्हणून अशी मालकी रोकड करून वाटण्यापेक्षा समभागांच्याच रूपात हस्तांतरित करावी लागते, किंवा दरवर्षी तिचा छोटा हिस्सा घ्यावा लागतो. फेरवाटप हे दरवर्षी करायचे काम आहे, आणि त्याचा परिणाम घोषणेतल्या दरावर नाही तर बारीक रचनेवर ठरतो. पुढचे सगळे त्या रचनेविषयी.

मोजण्यापासून सुरुवात करू, कारण वाद घालणारे दोन पक्ष बहुतेक वेळा वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. उत्पन्न म्हणजे वर्षभरात आलेले पैसे; संपत्ती म्हणजे आज नावावर असलेल्या सगळ्या मालमत्तेतून कर्ज वजा केल्यावर उरते ते. पाच माणसांचा समाज घ्या. त्यांची उत्पन्ने ५, १०, १५, २० आणि ५०. याचा गिनी गुणांक, म्हणजे विषमता मोजणारा आकडा, ०.४० येतो. (सगळ्यांना सारखे असेल तर ०, सगळे एकाकडेच असेल आणि लोकसंख्या मोठी असेल तर जवळजवळ १.) याच पाच जणांची संपत्ती ०, २, ८, २० आणि ७० असेल तर गिनी ०.६३. जवळपास प्रत्येक देशात संपत्तीची विषमता उत्पन्नाच्या विषमतेपेक्षा बरीच जास्त असते, कारण खालच्या थराची शिल्लक शून्याच्या आसपास किंवा कर्जामुळे शून्याखाली असते. त्यामुळे ‘आमच्याकडे गिनी ०.३५ आहे’ असे कोणी म्हटले की लगेच विचारावे: कशाचा? खर्चाचा, कर भरण्याआधीच्या उत्पन्नाचा, की कर आणि मदत धरून हातात राहिलेल्या उत्पन्नाचा? खर्चाचा गिनी सहसा कमी दिसतो, कारण श्रीमंत माणूस उत्पन्नाचा मोठा भाग खर्चच करत नाही. खर्चाचा आकडा एका देशाचा आणि उत्पन्नाचा दुसऱ्याचा घेऊन केलेली तुलना तिथेच बाद करावी.

आता मुख्य मुद्दा. वरच्याच पाच जणांकडून मिळून एकूण २० इतका कर घ्यायचा आहे आणि तो परत त्यांच्यावरच खर्च करायचा आहे. चार रचना करून बघू.

पहिली: प्रत्येकाकडून सरसकट २० टक्के कर, आणि खर्चाचा लाभही ज्याच्या त्याच्या उत्पन्नाच्या प्रमाणात. गिनी ०.४० होता, ०.४० च राहतो.

दुसरी: चढत्या दराचा कर, म्हणजे अनुक्रमे ०, १, २, ४ आणि १३, पण लाभ मात्र उत्पन्नाच्या प्रमाणात, म्हणजे १, २, ३, ४ आणि १०. हातात राहते ६, ११, १६, २०, ४७. गिनी ०.३६.

तिसरी: सरसकट २० टक्के कर, पण लाभ सगळ्यांना सारखा, प्रत्येकी ४. हातात राहते ८, १२, १६, २०, ४४. गिनी ०.३२.

चौथी: चढता कर आणि सारखा लाभ. ९, १३, १७, २०, ४१. गिनी ०.२८.

दुसरी आणि तिसरी शेजारी ठेवून बघा. दिसायला दुसरी अधिक ‘समाजवादी’ आहे: गरिबाला करमाफी, श्रीमंतावर २६ टक्के. तरीही विषमता तिसरीतच जास्त घटते. पैसा कुणाकडून घेतला याइतकेच, बहुतेक वेळा त्याहून जास्त, तो कुठे गेला याला महत्त्व आहे. स्वीडन, डेन्मार्क आणि नॉर्वेत बहुतेक वस्तू आणि सेवांवर २५ टक्के मूल्यवर्धित कर आहे, आणि असा कर गरिबाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा नेतो. तरीही हे देश उत्पन्नाच्या बाबतीत जगातल्या सर्वांत कमी विषमतेच्या देशांत मोडतात, कारण तो पैसा आरोग्य, शिक्षण, पाळणाघरे, निवृत्तिवेतन यांच्या रूपाने सगळ्यांपर्यंत परत येतो. याउलट वरचा दर जोरदार वाढवायचा आणि जमा झालेला पैसा इंधनाच्या सवलतीवर घालवायचा, ही दुसरी रचना झाली. ज्याच्याकडे दोन गाड्या आहेत त्याला सवलतीचे लिटरही जास्त मिळतात. म्हणून कोणताही अर्थसंकल्प हाती आला की कराचे टप्पे बघून थांबू नका. खर्चाची बाजू उघडा आणि प्रत्येक मोठ्या रकमेपुढे विचारा की यातले किती खालच्या ४० टक्क्यांकडे जाते.

याचा अर्थ वरून घ्यायची गरज नाही असा मुळीच नाही. तिसऱ्या रचनेपेक्षा चौथी चांगली आहेच, आणि संपत्ती एकवटली की तिच्यासोबत कायदे ठरवण्याची ताकदही एकवटते. तेवढे एक कारणही मला पुरेसे वाटते. पण वरून घेणे हे सर्वांत जास्त फसणारे काम आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर.

निव्वळ संपत्तीवर दरवर्षी कर घेणारे देश १९९० मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेत १२ होते. २०१७ मध्ये चारच उरले: फ्रान्स, नॉर्वे, स्पेन आणि स्वित्झर्लंड. पुढच्याच वर्षी फ्रान्सने तो कर फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला. श्रीमंत देश सोडून पळतात म्हणून हे कर गेले, असे सर्रास सांगितले जाते. काही जण जातात हे खरे, पण कर कोसळतो तो बहुतेक वेळा मूल्यांकन आणि सवलतींमुळे. जर्मनीचे उदाहरण स्वच्छ आहे. तिथे बँकेतली ठेव आणि समभाग चालू किमतीने मोजले जात, पण पश्चिम जर्मनीतली घरे-जमिनी १९६४ च्या मूल्यांकनाने. साहजिकच जमीनदाराला कर नाममात्र आणि ठेवीदाराला पुरेपूर. १९९५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ही असमान वागणूक घटनाबाह्य ठरवली. मूल्यांकन नव्याने करण्याचे राजकीय धैर्य कोणी दाखवले नाही आणि १९९७ पासून वसुली थांबली. तीस वर्षे जुने मूल्यांकन चालू ठेवणे सोपे वाटले, त्याची ही किंमत.

फ्रान्समध्ये गडबड दुसरीकडे होती. स्वतः चालवत असलेल्या धंद्याची मालमत्ता आणि कलावस्तू करातून वगळलेल्या. शिवाय एकूण कराला उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा. मग सर्वांत श्रीमंत लोक उत्पन्न स्वतःच्या कंपनीतच ठेवत, कागदोपत्री उत्पन्न कमी दिसे आणि मर्यादेमुळे करही कमी होई. भार उरला तो एकदोन घरे असलेल्या, त्यांच्यापेक्षा कमी श्रीमंत लोकांवर. नॉर्वेत मुख्य राहत्या घराची किंमत करासाठी सर्वसाधारणपणे बाजारभावाच्या २५ टक्केच धरतात, म्हणून पैसा घरांकडे वळतो. प्रत्येक सूट ही संपत्तीला कुठे जाऊन बसायचे ते सांगणारी पाटी असते.

स्वित्झर्लंडचा कर टिकला, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण १ टक्का इतका महसूल देतो. दर कमी, सुरुवात खालच्या पातळीपासून, सवलती मोजक्या, म्हणजे पाया रुंद. पण तिथे खासगी व्यक्तीच्या समभागविक्रीतल्या नफ्यावर सहसा कर नाही, त्याची भरपाई हा कर करतो. म्हणून एका देशाचा दर उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही.

दराविषयी एक हिशेब पाठ ठेवण्यासारखा आहे. संपत्तीवर १ टक्का कर ऐकायला किरकोळ वाटतो. पण मालमत्ता ५ टक्के परतावा देत असेल तर तो उत्पन्नावरचा २० टक्के कर झाला; २ टक्के देत असेल तर ५० टक्के; आणि धंद्यात २० टक्के कमावणाऱ्याला फक्त ५ टक्के. म्हणजे कमी परताव्याची जमीन धरून बसलेल्या वृद्धेवर भार जड आणि झपाट्याने वाढणाऱ्या मालकावर हलका. उपाय माहीत आहेत: करमुक्त मर्यादा पुरेशी उंच, हातात रोकड नसेल तर कर व्याजासह विक्रीपर्यंत किंवा मृत्यूपर्यंत पुढे ढकलण्याची मुभा, आणि वाढीव परतावा पकडण्यासाठी जोडीला भांडवली नफ्यावरचा कर.

त्या नफ्यावरच्या करात सर्वांत मोठे भोक मृत्यूच्या वेळचे आहे. समभाग १० ला घेतले, वारसाला मिळाले तेव्हा किंमत १००. अमेरिकेत वारसाची खरेदी किंमत १०० धरतात, म्हणजे मधल्या ९० वर उत्पन्नाचा कर कधीच लागत नाही. मालक हयातीत समभाग विकतच नाही. ते तारण ठेवून कर्ज काढतो आणि त्यावर जगतो, कारण कर्ज हे उत्पन्न धरत नाहीत. कॅनडाने १९७२ पासून हे भोक बुजवले: मृत्यूच्या क्षणी मालमत्ता विकली असे मानून नफ्यावर कर, जोडीदाराला दिली असेल तर तो पुढे ढकलला जातो. वारसा कराबाबत आयर्लंडची पद्धत शिकण्यासारखी आहे. तिथे मृताने किती ठेवले यापेक्षा घेणाऱ्याला त्या नात्याच्या गटातून आयुष्यभरात बक्षीस आणि वारसा मिळून किती आले याची बेरीज धरतात. त्यामुळे मरणाआधी तुकड्यातुकड्याने देऊन कर चुकवता येत नाही, आणि संपत्ती अधिक लोकांत वाटली तर एकूण कर कमी होतो. विषमता कमी करण्याला हा थेट लावलेला हातभार आहे.

परदेशातल्या खात्यांचा प्रश्न पूर्वीइतका हाताबाहेर नाही. २०१७ पासून अनेक देश एकमेकांना बँक खात्यांची माहिती दरवर्षी आपोआप पाठवतात. यात स्थावर मालमत्ता नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. परक्या शहरात घर घेऊन पैसा लपवणे अजूनही सोपे आहे. त्यावर उत्तर एकच, मालकीची नोंद खऱ्या लाभधारकाच्या नावाने ठेवणे. जमीन स्वतः मात्र कुठे पळत नाही. एस्टोनिया तर फक्त जमिनीच्या किमतीवर कर घेतो, वरची इमारत धरतच नाही. त्यामुळे बांधणाऱ्याला दंड होत नाही आणि रिकामी जागा अडवून ठेवणे महाग पडते.

जमिनीच्याच फेरवाटपात वेग निर्णायक ठरतो. जपानमध्ये १९४६ च्या कायद्यानंतर अवघ्या काही वर्षांत कुळांकडून कसल्या जाणाऱ्या जमिनीचे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपासवरून १० टक्क्यांपर्यंत आले. काम गावपातळीवरच्या समित्यांनी केले, आणि त्यांत पाच कुळे, तीन जमीनदार आणि दोन स्वतः कसणारे शेतकरी, म्हणजे निम्म्या जागा कुळांच्या होत्या. तैवानने १९५३ मध्ये जमीनदारांना भरपाई दिली ती ७० टक्के तांदूळ आणि रताळ्यांत फेडायच्या रोख्यांत, म्हणजे महागाईने न झिजणारी, आणि ३० टक्के सरकारी कंपन्यांच्या समभागांत. जमिनीतला पैसा उद्योगात आला. याउलट भारतात कमाल जमीनधारणेची चर्चा १९५० च्या दशकभर चालली आणि बहुतेक राज्यांचे कायदे १९६० च्या आसपास आले. तेवढ्या अवधीत जमिनी भावकीच्या, नोकरांच्या, लहान मुलांच्या नावावर चढल्या. कमाल मर्यादा घालायची असेल तर कायदा कधीही होवो, घोषणेच्या दिवसानंतरची हस्तांतरे धरली जाणार नाहीत ही तरतूद पहिल्या मसुद्यातच हवी. शिवाय जमिनीसोबत पतपुरवठा, पाणी आणि बियाणे नसेल तर नवा मालक पहिल्या वाईट हंगामात ती गहाण टाकतो, आणि पुन्हा रशियातल्या व्हाउचरांसारखे होते.

आता देण्याची बाजू. गरजूंनाच द्यावे हे मनाला पटते, पण त्यातच दोन सापळे आहेत. पहिला कड्याचा. उत्पन्न १०० पर्यंत असेल तर ३० मदत, वर गेले की शून्य. मग १०० कमावणाऱ्याच्या हातात १३० आणि १०१ कमावणाऱ्याच्या हातात १०१. माणूस पगारवाढ नाकारतो किंवा उत्पन्न लपवतो, आणि आपण त्याला अप्रामाणिक म्हणतो. म्हणून मदत हळूहळू कमी करावी लागते. ३० ची मदत, मिळवलेल्या प्रत्येक रुपयामागे ३० पैशांनी कमी केली तर ती १०० उत्पन्नाला संपते. ६० पैशांनी कमी केली तर ५० लाच. मदतीची रक्कम भरघोस, घट सौम्य आणि खर्च कमी, यांपैकी दोनच एका वेळी मिळतात. तिसरे आपोआप बिघडते, आणि हे मान्य न करणारी योजना चालत नाही.

दुसरा सापळा योजनांच्या बेरजेचा. एक खाते उत्पन्नाची मदत ५० टक्के दराने घटवते, दुसरे घरभाड्याची २५ टक्क्यांनी, तिसरे कर आणि विमा मिळून २० टक्के घेते. प्रत्येक खाते आपापल्या जागी समंजस वागते, पण कुटुंबाच्या हातात जास्तीच्या १० रुपयांतला अर्धा रुपयाच उरतो. ब्रिटनने मदतीच्या सहा योजना एकत्र करून युनिव्हर्सल क्रेडिट ही एकच योजना केली ते मुख्यतः यासाठी, आणि २०२१ मध्ये घटीचा दर ६३ वरून ५५ टक्क्यांवर आणला. सगळ्या योजनांचा एकत्र घट-दर काढून तो ६० ते ७० टक्क्यांच्या वर जाऊ न देणे, हे कोणत्याही मदतीच्या आराखड्यातले पहिले गणित असले पाहिजे.

निवड करताना चुका दोन्हीकडे होतात: नको त्याला मिळते, हवे त्याला मिळत नाही. वर्तमानपत्रे पहिली चूक रंगवतात. दुसरी दिसत नाही, कारण वगळलेला माणूस कागदावरच नसतो, आणि नुकसान तिचेच जास्त. जिथे उत्पन्नाची नोंद विश्वासार्ह नाही, तिथे उत्पन्न तपासण्याऐवजी लपवता न येणारा निकष घ्यावा: मूल, वृद्ध, अपंग. सगळ्या मुलांना भत्ता द्यावा आणि सधन पालकांकडून तो करातून परत घ्यावा. निव्वळ खर्च तेवढाच राहतो आणि गरजू सुटत नाही. ब्राझीलने २००३ मध्ये गरीब कुटुंबांना थेट पैसे देणारी बोल्सा फमिलिया योजना सुरू केली, ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे अर्ध्या टक्क्यात जवळपास चौथाई लोकसंख्येपर्यंत पोहोचली. सगळ्या योजनांची एकच नोंदवही आणि पैसे शक्यतो घरातल्या बाईच्या नावे, हे तिचे बळ. पण तिथली विषमता त्या दशकात घटली त्यात मोठा वाटा किमान वेतनवाढीचा आणि मजुरीच्या उत्पन्नाचा होता, हेही सांगायला हवे. मदत ही वेतनाची जागा घेऊ शकत नाही.

आणि रक्कम महागाईशी जोडा, कायद्याच्या मजकुरातच. इराणने २०१० च्या अखेरीस इंधनाची सवलत मोठ्या प्रमाणात कमी करून जवळपास सर्व कुटुंबांना दरडोई महिना ४,५५,००० रियाल थेट खात्यात दिले. योजना विषमतेच्या दृष्टीने उत्तम होती. वरच्या उदाहरणातल्या पहिल्या रचनेतून तिसऱ्या रचनेत मारलेली उडीच. पण रक्कम वर्षानुवर्षे तीच राहिली, भाव चढत गेले, आणि थोड्याच वर्षांत त्या पैशांची खरेदीशक्ती मूळच्या एका लहान अंशावर आली. कोणीही योजना रद्द केली नव्हती.